मालकी पालटणारे शब्द : मुळशीच्या निमित्ताने

घराचे किंवा जमिनीचे खरेदीखत कधी हाती घेतले नाही असा गृहस्थ या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांत विरळाच सापडेल. त्या कागदाच्या आरंभी दोन नावे असतात. एकापुढे 'लिहून घेणार' असे असते, दुसऱ्यापुढे 'लिहून देणार'. मग जमिनीचे वर्णन येते, चतुःसीमा येतात, किंमत येते, आणि शेवटी ते ठरावीक वाक्य येते की, हे खरेदीखत आम्ही राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिले आहे. वकिलाचा कारकून हे वाक्य इतक्या सवयीने लिहितो आणि आपण ते इतक्या सवयीने ऐकतो की, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आज त्या वाक्याकडेच आम्हांला लक्ष वेधावयाचे आहे. कारण पुण्याच्या पश्चिमेला वीस-पंचवीस मैलांवर, मुळशीच्या खोऱ्यात, शंभर वर्षांपूर्वी गावेच्या गावे एका मालकीतून दुसरीत गेली, आणि त्या व्यवहारात 'लिहून देणार' असा कोणी नव्हता.

जमीन एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधीवर. तीत एक जुने वचन त्याने चर्चेला घेतले आहे. त्याचा आशय असा की, भूमी सहा गोष्टींनी जाते. गावाची संमती, भाऊबंदांची संमती, शेजाऱ्यांची संमती, वारसांची संमती, सोन्याचे दान आणि पाण्याचे दान. गावाची संमती कशासाठी, तर व्यवहार उघड व्हावा म्हणून. शेजाऱ्यांची कशासाठी, तर पुढे सीमेचा तंटा होऊ नये म्हणून. असा खुलासाही विज्ञानेश्वर करतो. स्थावराची विक्री प्रशस्त मानलेली नव्हती; म्हणून विक्री करावयाची तरी ती दानाचा विधी करून, हातावरून पाणी सोडून करावी, असे तो सांगतो.

हे पाणी मराठीत अजून वाहते आहे. एखाद्या वस्तूवरचा हक्क सोडला की आपण तिच्यावर 'पाणी सोडले' म्हणतो. फार निःसंग होऊन सोडली तर 'तुळशीपत्र ठेवले' म्हणतो. इनामपत्रांत 'उदकपूर्वक' हा शब्द येतो, आणि त्याच्या जोडीला जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप अशी ती लांब माळ येते. जमिनीबरोबर तिच्यातले पाणी, तिच्यावरचे झाड, गवत, दगड, एवढेच काय पण कोणी पुरून ठेवलेला ठेवाही दिला, असा तिचा अर्थ. देणारा काय काय देत आहे ते त्याच्याच तोंडून मोजून घेण्याची ही पद्धत होती. ज्याला लिहिता येत नसे तो कुणबी कागदावर नांगराची निशाणी करी, आणि गावचे लोक साक्षीला असत.

यावरून पूर्वी सारे न्यायाचेच चालत असे, असा अर्थ कोणी काढू नये. राजीखुशीचे वाक्य खोटेही असू शकते. १८७५ साली मे महिन्यात सुप्याच्या बाजारी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि कर्जरोखे जाळले. पुणे व नगर जिल्ह्यांत तो भडका पसरला. जळालेल्या त्या कागदांवरही राजीखुशीचे शब्द होतेच. सरकारने त्याचा धडा घेतला आणि १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने कोर्टांना अशी मोकळीक दिली की, रोख्यातल्या शब्दांवर न थांबता देण्याघेण्याचा मूळ इतिहास तपासावा. हा प्रसंग पुढे मुळशीतही आपल्याला लागणार आहे, म्हणून तो येथे सांगून ठेवला.

आता इंग्रजी शब्दांकडे वळू. इंग्रज आले ते जमिनीच्या देवघेवीचे स्वतःचे एक शब्दभांडार घेऊन आले, आणि ते आपल्या तोंडी इतके बसले की, सदनिकांच्या सोसायटीचा चिटणीसही आज 'कन्व्हेयन्स झाले का?' असेच विचारतो. सरकारी मराठीत याला 'अभिहस्तांतरण' म्हणतात. बिल्डर ते करून देत नसेल तर 'मानीव अभिहस्तांतरण' करून घेता येते. हा शब्द एका दमात उच्चारणाऱ्याला सोसायटीने वर्गणीत सूट द्यावी! पण मूळ शब्द साधा आहे. कन्व्हे म्हणजे पोचवणे, नेऊन देणे. जुन्या इंग्लंडात जमीन देणारा घेणाऱ्याला शेतात घेऊन जाई आणि मातीचे ढेकूळ किंवा झाडाची डहाळी त्याच्या हातात ठेवी. त्या विधीने ताबा गेला असे मानीत. आपण पाणी घालीत होतो, ते माती देत होते.

दुसरा शब्द पुणेकरांच्या विशेष ओळखीचा असावयास हवा. तो म्हणजे एलिएनेशन. पेशवे दप्तराचे रुमाल ज्या कचेरीत राहिले तिला कित्येक वर्षे 'एलिएनेशन ऑफिस' म्हणत. रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतर पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड संपादून काढले ते या कचेरीतल्या कागदांतून. इतिहासाच्या कागदांना हे नाव कसे चिकटले? एलिएनेशन म्हणजे दुसऱ्याचे करणे, परके करणे. ज्या जमिनीचा सारा पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी इनामदाराला देऊन टाकला होता ती जमीन इंग्रज सरकारच्या दृष्टीने 'परकी झालेली'. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, इनामांची झडती सुरू झाली, आणि त्या झडतीच्या पुराव्यासाठी पेशव्यांचे दप्तर जपले गेले. मूळ हक्क सरकारचा आणि इनामदाराकडे गेलेला तेवढा परका, ही समजूत त्या एका शब्दात बसलेली आहे. आपल्याकडील शास्त्रकारांचे म्हणणे वेगळे होते. नीलकंठ भट्टाचा 'व्यवहारमयूख' सतराव्या शतकातला, आणि मुंबई इलाख्यातील इंग्रजी कोर्टांनीही प्रमाण मानलेला. त्यात स्पष्ट म्हटले आहे की, राज्य जिंकणाऱ्या राजाला कर घेण्याचा अधिकार मिळतो. शेतांची मालकी ज्याची त्याची राहते.

तिसरा शब्द व्हेस्ट. याच्या पोटात लॅटिनमधले वस्त्र आहे. अधिकार अंगावर चढवणे, असा त्याचा मूळ भाव. साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे येत असत हे ज्यांना माहीत आहे त्यांना तो उलगडून सांगावयास नको. मराठी कायद्यात त्याला 'निहित होणे' म्हणतात.

हे शब्द कायद्यांत कसे बसले ते पाहिले म्हणजे मुळशीचा कागद वाचता येतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात हस्तांतरणाची व्याख्या आहे. एका हयात व्यक्तीने दुसऱ्या हयात व्यक्तीला मालमत्ता देणे, असा तिचा गाभा. विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल, बक्षीस हे सारे प्रकार या व्याख्येच्या छपराखाली येतात, आणि प्रत्येकात देणारा माणूस उभा असतो. त्यानंतर बारा वर्षांनी, १८९४ साली, भूमिसंपादनाचा कायदा आला. त्याचा शब्द ॲक्विझिशन. मिळवणे. यात मिळवणारा आहे, मिळवण्याची वस्तू आहे. ज्याच्याकडून मिळवावयाची तो या क्रियापदाला लागतच नाही.

तो कायद्यात अगदीच नाही असे मात्र नाही. तो 'हितसंबंधी व्यक्ती' म्हणून येतो. सरकार प्रथम अधिसूचना काढी. मग जमीन अमुक कामाला हवी आहे असे जाहीर करी, आणि ते जाहीरनामे हाच त्या गरजेचा निर्णायक पुरावा मानला जाई. मग हितसंबंधी व्यक्तीला नोटीस जाई की, तुझा हक्क काय आणि मागणी काय ते सांग. कलेक्टर निवाडा देई. या निवाड्याला इंग्रजीत 'अवॉर्ड' म्हणतात, आणि बक्षिसालाही तोच शब्द आहे! निवाड्यानंतर कलेक्टरने ताबा घेतला की जमीन सर्व बोज्यांतून मुक्त होऊन सरकारकडे निहित होई. म्हणजे वस्त्रे चढत, पण ती कोणाच्या अंगावरून उतरली त्याची सही लागत नसे.

कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर त्याच कायद्यात वेगळा भाग होता. तेथे संमती हा शब्द आहे, आणि ती संमती सरकारची आहे. सरकारने आधी संमती द्यावी, कंपनीने सरकारशी करार करावा, खर्च सरकारात भरावा, आणि मग जमिनीचे हस्तांतरण कंपनीकडे व्हावे, अशी ती योजना. आमचे लक्ष वेधून घेतले ते येथे आलेल्या हस्तांतरण या शब्दाने. देणारा आणि घेणारा असा जोडीचा व्यवहार या साऱ्या कारवाईत एकदाच होतो. तेथे देणारे सरकार असते आणि घेणारी कंपनी.

मुळशीत हेच घडले. टाटांच्या जलविद्युत् योजनांतली ही तिसरी. लोणावळ्याच्या तलावांवर चालणारे खोपोलीचे केंद्र १९१५ पासून मुंबईला वीज देऊ लागले होते. दुसरी आंध्र खोऱ्याची योजना हाती घेतलेली होती. आणि १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली ती नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्यासाठी. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचे पाणी अडवून बोगद्यातून पश्चिमेला वळवावयाचे, आणि सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिरा येथे सोडून त्यावर वीज करावयाची. योजना धाडसाची होती, आणि मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला विजेची गरज होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या पाण्याखाली मुळशी पेट्यातली पन्नासाच्या आसपास गावे आणि दहा-अकरा हजार माणसांची शेते-घरे जाणार होती. ही भातखाचरांची जमीन. आंबेमोहोर तांदळासाठी मुळशीचे नाव आजही आहे. डोंगरउतारावर बांध घालून, माती धरून, पिढ्यांमागून पिढ्यांनी ही खाचरे केलेली.

जमीन रीतसर हाती येण्याआधीच चाचणीचे खंदक खणण्यास सुरुवात झाली. एका शेतकऱ्याने आपल्या शेतात खणण्यास हरकत घेतली तेव्हा गोऱ्या इंजिनियराने त्याच्यावर पिस्तूल रोखले, असे या लढ्याच्या इतिहासात सांगितले जाते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, बाराशेच्या सुमारास मावळे धरणाच्या जागी जमले आणि बांधकामावर जाऊन बसले. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. घोषणेत मोबदल्याचा उल्लेख नाही हे पाहण्यासारखे आहे. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव या लढ्याने दिले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने होते. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांनी या सत्याग्रहात तुरुंगवास पत्करला. आणि मावळणी बाया पुढे होऊन कामावर बसल्या. काम काही महिने थांबले. मग सरकारने कायद्याचा आधार देऊन, मोबदला ठरवून, जमिनी घेण्याचा मार्ग मोकळा केला आणि काम पुन्हा सुरू झाले. डिसेंबरात सत्याग्रहही पुन्हा उभा राहिला.

येथे लढ्यात फूट पडली, आणि तिच्या मुळाशी एक शब्दच होता. मालक कोण? खोऱ्यातील बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकार-जमीनदारांच्या नावे होत्या. सुप्याला जे जळले त्या जातीच्या कागदांनीच त्या मावळ्यांच्या हातून गेलेल्या होत्या. मावळे त्याच खाचरांत कुळे म्हणून राबत होते. जोवर जमीन हलत नव्हती तोवर सावकाराची मालकी आणि कुळाची वहिवाट एका बांधावर नांदत होत्या. निवाड्याची वेळ आली तेव्हा त्या वेगळ्या झाल्या. कागदावरच्या मालकाला मोबदला रुचला. त्याचे नुकसान पैशात मोजता येत होते. कुळाला 'जान किंवा जमीन' यापलीकडे मागण्यासारखे काही उरले नव्हते. पुण्याच्या पेठांतील पुढारी लोक या प्रश्नावर पुढे पुढे थंड का होत गेले, याचे एक कारण येथे शोधावे लागते. आपल्याच शहराविषयी हे बोलावयाचे म्हणून ते टाळणे बरे दिसणार नाही.

मोबदला हा शब्दही पाहा. तो अरबी-फारसीतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ अदलाबदल. तू हे दे, मी ते देतो. इंग्रजी काँपेन्सेशनमध्ये तराजू आहे. एका पारड्यात नुकसान, दुसऱ्यात पैसा. तराजूत काय घालावयाचे आणि काय घालावयाचे नाही याची यादी १८९४ च्या कायद्यात दिलेली होती. बाजारभाव घालावयाचा. उभे पीक, झाडे, जमीन तुटल्याने उरलेल्या तुकड्याला बसणारा फटका, हे सारे धरावयाचे. जेथे जमीन खुशीने क्वचितच विकली जाते तेथे बाजारभाव कोणता, हा प्रश्न अर्थातच उरतो. न घालावयाच्या गोष्टींत, चोविसाव्या कलमात, एक गोष्ट अशी होती की, ज्याची जमीन जावयाची त्याची ती सोडण्याविषयीची नाखुशी मोबदला ठरवताना लक्षात घेऊ नये.

खरेदीखताचे शेवटचे वाक्य येथे आठवावे. एका कागदाला राजीखुशी सांगितल्यावाचून पूर्णता नाही. दुसऱ्याला नाखुशी ऐकण्याची मनाई आहे. कायदा करणाऱ्यांच्या मनालाही थोडे टोचले असावे, कारण तेविसाव्या कलमात, घेणे सक्तीचे आहे म्हणून बाजारभावावर शेकडा पंधरा जादा द्यावे, अशी तरतूद होती. म्हणजे नाखुशीला कान नव्हता, पण भाव होता. तो १९८४ साली शेकडा तीस झाला आणि २०१३ च्या कायद्याने शेकडा शंभर.

याच सुमाराला आणखी एक गोष्ट झाली. जमीन घेण्याचे ठरण्यापूर्वी हितसंबंधी व्यक्तीची हरकत ऐकून घ्यावी, असे पाच-अ हे कलम १९२३ साली मूळ कायद्यात घालण्यात आले. तोवर एकोणतीस वर्षे, भाव किती ते सांगण्याची सोय होती. मुळात घेऊ नका असे सांगण्यास कायद्यात जागा नव्हती. मुळशीच्या मावळ्यांनी आपली हरकत रामनवमीला बांधकामावर बसून सांगितली ती १९२१ साली. ही दोन साले शेजारी ठेवून वाचावीत. १९२४ च्या अखेरीस बापटांनी बांधकामाची रेल्वेगाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा तेथे संपला. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली.

इतके सांगितल्यावर आपल्या मराठीकडेही एकदा पाहिले पाहिजे. ॲक्विझिशनला आपण 'संपादन' हा शब्द घेतला. आपल्या कानाला संपादन म्हणजे कष्टाने मिळवणे. विद्या संपादन करतात, कीर्ती संपादन करतात, लोकांचा विश्वास संपादन करतात. इंग्रजी शब्दात निदान नुसते मिळवणे होते. मराठीने त्याला गुणाची झालर लावली. जुन्या मराठीत सोंगही 'संपादतात', तेवढी एक छटा येथे कामास येईल. 'भूमिग्रहण' म्हटले असते तर ग्रहणाच्या दोन्ही अर्थांनी ते अधिक प्रामाणिक झाले असते, असे आम्हांला वाटते. २०१३ च्या नव्या कायद्याच्या नावात भरपाई आली, पारदर्शकता आली, पुनर्वसन आणि पुनर्स्थापना आली. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर शेकडा ऐंशी बाधित कुटुंबांची संमती हवी अशी अटही आली. मिताक्षरेतील गावाच्या संमतीशी तिचे नाते कोणाला जोडावयाचे असेल तर जोडावे. संपादन मात्र होते तेथेच राहिले.

लोकांनी स्वतः घडवलेले शब्द वेगळे आहेत. कोयना, पानशेत आणि त्यानंतरच्या धरणांनी 'धरणग्रस्त' हा शब्द रूढ केला. रोगग्रस्त, पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त या रांगेत त्याने धरणाला नेऊन बसवले. सरकारी कागदांनाही पुढे 'प्रकल्पग्रस्त' म्हणावे लागले, आणि १९७६ साली महाराष्ट्राने अशांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र कायदा केला. मुळशीच्या वेळी पुनर्वसन हा शब्द कायद्यात नव्हता.

आज मुळशी तालुक्यात जमिनीचे व्यवहार पूर्वी कधी नव्हते इतके चालतात. हिंजवडीचे संगणक-नगर याच तालुक्यातले. तेथली जमीन औद्योगिक विकास महामंडळाने घेतली, तीही संपादनानेच. धरणाच्या काठाने बंगल्यांसाठी तुकडे विकले जातात, आणि त्या खरेदीखतांवर लिहून देणार, लिहून घेणार, राजीखुशी, अक्कलहुशारी हे सारे जेथल्या तेथे असते. पण पौडकडून ताम्हिणीच्या रस्त्याला लागून पाण्याच्या कडेच्या एखाद्या गावात म्हाताऱ्या माणसाशी बोलावे. जमीन विकली, असे तो म्हणत नाही; दिली असेही म्हणत नाही; संपादन तर त्याच्या तोंडी येतच नाही. तो म्हणतो, "आमची जमीन धरणात गेली." विज्ञानेश्वराने घेतलेल्या त्या जुन्या वचनातले क्रियापदही हेच आहे. भूमी जाते. तेथे ती सहा गोष्टींनी जाते. येथे गावाला कोणी विचारले नाही, भाऊबंदांना नाही, शेजाऱ्यांना नाही, वारसांना नाही; सोने मिळाले ते ज्याच्या नावावर कागद होता त्याला. राहिले पाणी. ते मात्र सोडले गेले.